जुन्या नावानं

रात्री पावणेदोनला तिसऱ्यांदा लाल.
एकशे बारा चाचण्या पास, एक म्हणते :
‘पट्टीकाढ’ नावाची मेथडच नाही.

आधी वाटलं, खाजगी असेल. कुलूप काढून पाहिलं.
मग जुनी फाईल असेल म्हणून कॅशे पुसली. चहा.

आणि ती तर समोरच, चौदाव्या ओळीत,
उदगीरच्या मोंढ्यातल्या तुरीची पट्टी काढत बसलेली.
मंगळवारी संगमनाथनं तिचं नाव बदललं
सगळीकडं,
फक्त अवतरणचिन्हांतलं राहिलं.
तिथं कंपायलर डोकावत नाही.
चाचणी सुरू झाली की कोड स्वतःला आरशात बघतो
आणि जुन्या नावानं हाक मारतो.

खालून आई : शिवलीला, अजून काय करलालीस ग?
आले, म्हटलं.

तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘ऋचा’ लिहिलं
त्याला अकरा वर्षं झाली.
आधार, पगार, लॉगिन, सगळीकडं ऋचा.
आईच्या तोंडातलं तेवढं कुणी बदललं नाही,
आणि मी अजून सापडते.

एक शब्द बदलून कमिट केलं.
हिरवं व्हायला चार मिनिटं लागतात.
तोवर जिना उतरले.