परत यायला किती सेकंद

न्यूपोर्ट, ओरेगन. फेब्रुवारी.
मासळीच्या गोदामावरच्या खोलीत हीटर खाकरतोय.
बर्फाचा निळा टब रिकामा करून आम्ही त्यात पाणी भरलंय
आणि पाण्यात तीन होड्या,
हातभर लांब, पिवळ्या फोमच्या,
मीच कापलेल्या, मीच घासलेल्या.
एक जुळी: दोन सडपातळ अंगं, वर एक पाट.
एक एकांगी, पोटाला गोल.
तिसरी टोकदार, घाईतली;
तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

मारिसेलाला जुळी हवी.
मागे केवढी जागा, ती म्हणते,
जाळी, बाटल्यांचं कडं, चिखल उपसायचा पंजा,
सगळं मांडून वर चार माणसं उभी राहतील.
आणि कलणार नाही.
माझी पोरं ओकतात गं,
नमुन्यांपेक्षा बादल्याच आधी भरतात.

आर्ने टॉलेफसन गप्प.
एकतीस वर्षं तो या खाडीचं तोंड ओलांडतोय,
खेकड्यांच्या हंगामात, काळोखात,
नदी बाहेर ढकलते आणि समुद्र आत, तिथून.
तो करंगळीनं जुळीची एक कड दाबतो,
सोडतो.
ती टुणकन सरळ.
"माझा गुडघा हिनं घेतला," म्हणतो.
"हिनं नाही. हिच्या बहिणीनं."

मग फळ्यावर गणित मांडणं आलं.
की जी फार लवकर सावरते
ती माणसं पाडते.
कलणं हा दोष नव्हे,
प्रश्न एवढाच, परत यायला किती सेकंद.
तीन असतील तर कप फुटतात.
सात असतील तर माणूस कपासकट झुकतो
आणि कपासकट परत येतो.

हे मी त्यांना सांगितलं. पुढचं नाही सांगितलं:

मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला
दस्तगीरकाका तंबोऱ्यांसाठी भोपळे निवडत बसायचे.
वखारीत आढ्याला टांगून वर्षभर सुकवलेले.
एकेकाला बोटाच्या पेरानं टकटक करायचे,
कान लावायचे,
आणि एखादा गुळगुळीत, देखणा भोपळा बाजूला सारायचे.
हा विहिरीवर न्या, पोरांच्या पाठीला बांधा.
तरंगेल छान.
ऐकणार नाही.

तसलाच एक पाठीला बांधून मी पोहायला शिकले.

या बोटीला ऐकायचंय.
तिच्या पोटाशी, कण्याच्या बाजूला, कान बसणार आहेत,
सत्तर वाव खालचा गाळ,
त्यातली चपटी मासळी, बुडालेली झाडं ऐकायला.
नाळेनं लाट नीट दुभंगली नाही
तर हवा तळाखाली ओढली जाते,
बुडबुड्यांचा पडदा धरतो
आणि समुद्र बोलत असताना
आपल्याला ऐकू येतो फक्त आपलाच फेस.

दुपार कलली. तिघांनीही मी आणलेला चिवडा संपवला.
मी गोल पोटाचीच कानस घेतली,
मागची बाजू रुंद केली बोटभर,
म्हणजे खऱ्या बोटीत अर्धा मीटर,
नाळ थोडी खोल, कुशीला दोन पट्ट्या.
मारिसेला अजून टेप धरून डेक मोजत होती.
आर्नेनं पुन्हा करंगळी ठेवली.
दाबली.
सोडली.
होडी वाट बघत असल्यासारखी थांबली,
मग आली.
तो काही म्हणाला नाही. खुर्ची मात्र पुढे ओढली.

इतिवृत्तात मी लिहिलं:
एकांगी, गोल पोट. वेग दहा नॉट, जास्त नको.
बादल्या: सहा.

मारिसेलानं सही करताना सहा खोडून
आठ केलं.