आज खंय?

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मी आणि इनास फर्नांडिस
एक अ‍ॅप करतोय.
खाली पहाटेपर्यंत बर्फ फुटत असतो,
वर आम्ही रात्रीचे चौकोन आखतो.

नाव लगेच ठरलं: आज खंय?
बाकी काहीच ठरेना.

पहिला रकाना वेळेचा.
मी तास काढले, मिनिटं काढली, निळं गोल घड्याळ काढलं
आणि कंपनीच्या मालकाला फोन केला.
नाटक कितक्या वाजता, आपा?
"जेवणां आटापली काय."
कोणाची?
"सगळ्यांची गे!"
मी घड्याळ पुसलं.

दुसरा रकाना ठिकाणाचा.
नकाशावर तिथे नुसता हिरवा रंग
आणि एक व्हाळ, जो पावसाळ्यापुरताच खरा.
भालू मेस्त्री म्हणाला, लिही,
फणसाकडून खाली उतरायचं, कुणग्यात बत्ती दिसेल,
नाही दिसली तर उभं राहून झांज ऐकायची.
इनासने विचारलं, झांजेचे अक्षांश किती?
भालू खो खो हसला.
दिवसा तो खिडक्यांचे गज जोडतो,
रात्री द्रौपदी होतो,
ठिणग्यांनी पोळलेल्या मनगटांवर
बांगड्या चढवून.

मग प्रकार.
दशावतार. डबलबारी. जत्रा.
अंडरआर्मचे सामने, पहिलं बक्षीस बोकड.
फेस्ताच्या रात्रीचा बॅण्ड, हा इनासचा हट्ट.
आणि बॅटऱ्या घेऊन कुर्ल्या धरायला निघालेली पोरं,
त्यांना कशात घालायचं?
तिकीट नाही, आयोजक नाही,
हशा मात्र दोन वाड्यांपलीकडे जातो.
'इतर' असं एक बटण केलं.
बघता बघता सगळा तालुका
'इतर'मध्ये जाऊन बसला.

मार्गशीर्षात पहिली चाचणी.
एकोणीस जणांनी अ‍ॅप घेतलं, त्यातले अकरा नात्यातले.
डोंगरापलीकडच्या एका वाडीवर मी लाल ठिपका लावला.
साडेदहाला पोचलो तर
सहा मोटारसायकली, पुण्याचं एक जोडपं,
आणि मांडव होता, बाकडी होती,
नाटकाचा पेटारा होता,
बंद.

तातू परब दिवेलागणीला गेला होता.
कोणी कोणाला फोन केला नव्हता.
ज्यांना कळायचं त्यांना कळलंच होतं.
कळलं नव्हतं ते आमच्या ठिपक्याला.
तो अजून धडधडत होता माझ्या तळहातात,
या, या, इकडे या.

कोणी रागावलं नाही, तेच वाईट.
शेजारच्या घरातून कोरा चहा आला, कप कमी पडले,
आम्ही आळीपाळीने प्यायलो.
पुण्याच्या मुलीने हळूच विचारलं, कॅन्सल झालं का?
भालूने तोंड पुसलं होतं,
कानामागे थोडा सफेता राहिला होता.
म्हणाला, "नाटक जातलां खंय?
फुडल्या आठवड्यात होतलां."
आणि तातूच्या खळ्यात लाकडं उतरवायला गेला.

परतताना इनास घाटीभर गप्प.
माडीवर आल्यावर
मी रद्दचं बटण करायला घेतलं.
लाल केलं. नको वाटलं. राखाडी केलं.
'रद्द' हा शब्दच डोळ्यात खुपायला लागला,
रेशन कार्डावर मारतात तसा.
शेवटी चार वाजता लिहिलं,
आज काळोख.
ठिपका काढला नाही.
विझवला फक्त,
जवळ नेलं तर जागा दिसेल एवढा.

इनास टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.
खाली ट्रकात बर्फ भरता भरता
कोणीतरी मान वर करून ओरडलं,
"गे, उद्या खंय आसा?"

फोन चार्जिंगला होता.
मी खिडकीतूनच सांगितलं,
तिठ्याच्या खाली, शाळेमागे.
"कितक्या वाजता?"
जेवणां आटापली काय, म्हटलं.