पंचवीस मिलिव्होल्ट

एप्रिलात टमालेला पत्र्याखाली बसलं
की डोकं तापतं, फोनही तापतो.
नापारीच्या टपरीत पंखा आहे,
वीज असेल तर.
घानात या विजेला नावच पडलंय डुमसोर :
विझ-पेट, विझ-पेट.
वेळापत्रक छापून येतं. वीज ते वाचत नाही.

माझा चार्जर दुरुस्त व्हायचा होता, म्हणून मी बाकावर.
वुम्पिनीनं तिचा फोन टेबलावर ठेवला,
काच कोपऱ्यात तडकलेली, पाठीला रबरबँड.
"रात्रभर टिकायला हवा," म्हणाली,
"सावेलुगूच्या दवाखान्यात वीज गेली की हाच दिवा."
सुईण ती.
नवी बॅटरी अक्रातून यायला आठवडा लागतो,
किंमत तिनं विचारलीच नाही.

नापारीनं आधी फोन रूट केला.
म्हणजे घर विकूनही कंपनीनं
कनवटीला ठेवलेली एक किल्ली
हळूच पाडून घेतली.
वॉरंटी पहिल्या मालकाबरोबरच गेली होती.

मग उघडला तो तक्ता.
डावीकडे वेग, उजवीकडे व्होल्टेज :
इतकं धावायचं तर इतकं खायचं.
कारखान्यानं सगळ्या चिपांना
एकाच मापाचे सदरे शिवलेले,
कुणाला काखेत तंग होऊ नये म्हणून सैल.
या चिपेचं खरं अंग किती
हे तिलाच विचारावं लागतं,
आणि ती एकाच भाषेत सांगते : बंद पडून.

वरचे दोन वेग त्यानं सरळ छाटले,
बाळंतपणाला शर्यतीचा घोडा काय करायचाय.
मग पंचवीस मिलिव्होल्ट खाली.
चालतंय.
आणखी पंचवीस.
फोनला गणितं घातली, अवघड, न संपणारी,
आणि पाठीवर तळवा ठेवून बसला
जसा तापातल्या पोराच्या कपाळावर.
पंच्याहत्तर. चालतंय!
शंभरावर पडदा गोठला,
घड्याळ चार वाजून दहावर थिजलं.
परत पंच्याहत्तर.
अर्धा तास फोन थंडगार.
"सुरू होताच लागू" या चौकटीत
नापारीनं ऐटीत खूण केली.

दुसऱ्या दिवशीही चार्जर झाला नव्हता
म्हणून पुढचं मी ऐकलं.

पहाटे तीनला वीज गेली.
टॉर्च लावलेला, डोकं दिसत होतं,
ॲम्ब्युलन्सवाल्या अबुकारीला फोन लावला तिनं
आणि एकाएकी सगळं काळं.
उपाशी चिप लगेच मरत नाही,
आधी हिशेबात चुकते,
एकच्या जागी शून्य धरते, आणि मग कोसळते.
फोन पुन्हा उठू लागला,
कंपनीचं चिन्ह निळंसर लुकलुकत,
चाळीस सेकंद.
तेवढ्या उजेडात बोटांना जे ठाऊक होतं ते बोटांनी केलं.
"चिन्ह विझायच्या आत पोरगी रडली," वुम्पिनी म्हणाली,
"तुझ्या फोनच्या आधी सुरू झाली."

रागावली नव्हती. तेच नापारीला जड गेलं.
तो म्हणाला, "अर्धा तास तपासला होता मी."
ती म्हणाली, "बाई किती सोसेल याचा अंदाज मीही घेते.
पण शेवटच्या बोटापर्यंत मोजत नाही."

त्यानं पंचवीस परत दिले.
पन्नास खाली, बस्स.
'सुरू होताच'ची खूण काढली,
म्हणाला आठवडाभर वापर, मग बघू.
"किती वेळ कमी टिकेल?"
"वीसेक मिनिटं."
"एवढ्यासाठी?"
आणि ती हसली, रबरबँड चढवून निघून गेली.

नापारीनं मग स्वतःचा फोन खिशातून काढला.
सहा महिने तो शंभर खाली चालवत होता,
दिवसातून दोनदा आपोआप विझायचा, पेटायचा,
आणि हा उन्हाला शिव्या द्यायचा.

माझा चार्जर?
तो म्हणाला, उद्या.