तीनदा मरणारा माणूस

देवगडच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला
टीव्ही आहे तो मालकाच्या जुन्या घरातला,
वरच्या कोपऱ्यात हिरवा डाग पडलेला.
त्यामुळे प्रत्येक सिनेमातल्या आभाळाला
थोडं शेवाळ असतं.

साडेबाराला कॉम्प्रेसर लयीत आला
की विश्राम कोयंडे पेन ड्राइव्ह खुपसतो.
नाव कोण वाचतो? चित्रावर
एक टक्कल, एक बंदूक, मागे आग.
तेवढं पुरतं.

गोष्ट माहीत असते.
निवृत्त माणूस. गावाबाहेर एकटा. लाकडं फोडतो.
कोणीतरी त्याच्या पुतणीला उचलतं
नाहीतर त्याची जमीन मागतं.
मग तो लाकडं फोडायचं थांबवतो.

डोक्यावर हॅट, पण घोडा परवडला नसावा,
म्हणून डबडा पिकअप. तिचा दरवाजा
आतून उघडत नाही. दर वेळी काच खाली करून
हात बाहेर काढून तो खिट्टी ओढतो.
हे कोणी लिहिलेलं नसणार. गाडीच तशी मिळाली.
आमच्या टेम्पोचा डावा दरवाजा तसाच.
तिथून पुढे तो माणूस आमचा.

अमेरिका म्हणे. पण दुकानाच्या पाटीवर
एकदा उलटा आर दिसला.
विश्राम म्हणाला, "रशियाबिशिया आसात.
थंय गोदाम सवाय गावला आसात."
एकच गोदाम. आधी ते पोलीस ठाणं,
मग इस्पितळ, शेवटी गोदाम.
खिडकीची फुटकी काच तिन्हीकडे तीच.
आम्ही टाळ्या वाजवल्या तिला.

मोठ्या सिनेमात अख्खं शहर कोसळतं
आणि कोणाच्या बोटात साधं कुसळ जात नाही.
इथे साठीला टेकलेला हिरो जिना चढतो,
चार पायऱ्यांनंतर कठड्याला हात.
बर्फाची वाट बघत बसलेला तिलबहादूर खलाशी,
जो फारसा बोलत नाही, तो म्हणाला,
"घुटना सच्ची में गया है इसका."
डोलत्या फळीवर सोळा वर्षं उभा राहिलेला माणूस
गुडघ्याबद्दल उगाच बोलत नाही.

पण आमचा खरा माणूस वेगळाच.
लाल दाढी, मोडकं नाक, संवाद नाही.
अकराव्या मिनिटाला पेट्रोल पंपावर गोळी खाऊन
फ्रीजवर पडतो. बाटल्या अंगावर.
चाळिसाव्या मिनिटाला टोपी घालून
छपरावरून खाली.
"अरे, ह्यो तर मगाशी मेललो!"
मागे नेऊन पाहिलं. तोच.
दाढी काढायला पैसे नव्हते, की वेळ.

मग हिरोकडे बघणं संपलं.
गर्दीत, धुरात, कुंपणामागे
आम्ही त्यालाच शोधतो.
तिसऱ्यांदा तो गॉगल लावून आला
आणि पेटला. पाठ पेटलेली, खरोखर पेटलेली,
तो धावला सात पावलं. मी मोजली.
तीन चालली असती.
कॅमेरा तर पाचव्यालाच दुसरीकडे वळला होता.

विश्राम शिट्टी मारत होता.
तिलबहादूर हसला नाही.
त्या दोन उरलेल्या पावलांकडे तो बघत राहिला,
पडद्यावर ती नव्हती तरी.
औंदा तो 'सागरलक्ष्मी'वर आहे.
गेल्या साली दुसऱ्या बोटीवर होता,
कार्डावर नाव तिलक, फोटो भलत्याचाच.
त्याआधी कुठे, कोणाच्या नावाने,
ते तांडेलालाही आठवत नाही.

साडेतीनला बोट धक्क्याला लागली.
क्रशर चालू केला की व्होल्टेज पडतं.
हिरो पिकअपमध्ये, काच निम्मी खाली,
तिथेच चित्र आखडत ठिपका झालं.
शेवट कोणी विचारला नाही,
शेवट सगळ्यांना पाठ असतो.

पन्नास लाद्या, आकडे, अमोनियाचा वास,
पन्हळीतून कुटलेला बर्फ खाली खणात.
इंजिन धरलं तेव्हा अंधारातून
तिलबहादूरने काहीतरी हाक मारली,
क्रशरच्या आवाजात अर्धीच पोचली:
"...चौथी बार आया तो बोलना!"