असह्यम

आमच्या घरात ताट आवाज न करता ठेवायचं असे.
आधी कड टेकवायची, मग तळ,
मांजर पाऊल टाकतं तसं.
मला सहाव्या वर्षी जमलं.
धाकट्या श्रीनिवासला कधीच जमलं नाही,
त्याला डाव्या कानानं आजही कमी ऐकू येतं.

नायना साखर पेठेत दोन मागांवर उभा राहायचा.
मी जन्मायच्या आधी कधीतरी
मागावरनं धोटा उडाला,
टोकाला लोखंड, सुसाट,
त्याचे समोरचे दोन दात घेऊन भिंतीवर आपटला.
शेठनं दोन दिवस सुट्टी दिली, बिनपगारी.
तिसऱ्या दिवशी हा त्याच मागापुढं,
त्याच खडखडाटात, कान टवकारून.
आवाजात एवढासा फरक पडला
की मान आधी खाली जायची,
विचार मागनं यायचा.

हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच माहीत,
ताट पडलं की तो उठतो.
उठण्याआधी क्षणभर त्याची मान खांद्यांत शिरायची,
कासवासारखी.
किती वेळा पाहिला असेल मी तो क्षण,
पण पुढं काय येणार हे ज्याला पाठ असतं
त्याला आधीचं काही दिसत नाही.

भाजीत केस निघाला तर वेगळं.
तेव्हा मारायचा नाही.
चिमटीत केस धरून बल्बकडं न्यायचा,
वरचा ओठ नाकाकडं सरकायचा,
दातांची खिंड दिसायची.
"असह्यम."
तेलुगूत त्याचा अर्थ किळस.
शाळेत मराठीच्या बाईंनी सांगितलं, जे सोसवत नाही ते.
घरी येऊन मी दोन्ही अर्थ त्याच्या तोंडावर लावून पाहिले.
दोन्ही बसले.

चादरीत केस विणला गेला की नग बाद, मजुरीतनं कट.
हे कुणी सांगितलं नाही. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
तपासणीच्या टेबलाशी टॉवेल उलटे-पालटे करताना
एका केसाला बघून माझाही ओठ वर गेला,
तेव्हा समजलं.
केस माझाच होता.

आता तो सिव्हिलमध्ये आहे.
साखर पायात उतरली, अंगठा काढला.
ड्रेसिंग सुटतं तेव्हा जो वास येतो
त्याला मी नाव देत नाही.
पदर नाकाला लावते. तो बघतो.
पदर काढते.
पुन्हा लावते.
सिस्टर म्हणतात, होईल सवय.
होते, नाकाला होते.

काल माझ्या पोरानं, चरणनं, डब्याचं झाकण पाडलं.
फरशीवर स्टील. अख्खा वॉर्ड वळला.
माझी मान खांद्यांत गेली
आणि मान वर येईपर्यंत
हात वर गेला होता.
कधी गेला ते मला विचारू नका.
मी तिथं नव्हते.

चरण नुसता बघत राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नाही,
त्याच्या लेखी तो हवेतला एक हात.
खाटेवर मात्र
नायनानं दोन्ही कोपरं तोंडावर घेतली होती,
सलाईनची नळी ताणलेली,
सत्तर वर्षांचा माणूस,
धोट्याला भ्यायला की मला,
कोण सांगणार.

मला बरं वाटलं.
हे लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.
दोन श्वास, तेवढंच, पण चांगलं वाटलं.
मग तोच वास आला, या वेळी पायाचा नव्हे,
आणि पदर कुठं लावायचा कळेना.

वॉर्डात हात तसाच वर ठेवता येत नाही.
त्या हातानं मी सलाईनची बाटली सारखी केली, उगाच.
झाकण अजून फिरत होतं खाटेखाली,
कडेवर, गरगर, बारीक बारीक होत.
"आई, ऐक की," चरण म्हणाला, "नाचतंय बघ."
नायनानं एक कोपर खाली घेतलं.
दुसरं तसंच.