पाचवं अक्षर

डावीकडचा वरचा जबडा काढला,
टाळूसकट. बुरशी डोळ्याकडं निघाली होती,
म्हणे वेळेत अडवली.

तेव्हापासून चहा नाकातून यायचा
आणि क च ट त प गेले.
प्रत्येक ओळीतलं पाचवं अक्षर तेवढं राहिलं:
ङ ञ ण न म.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात अडलं नाही.
सोळा मागांच्या खडखडाटात
तीस वर्षं आम्ही हातांनीच बोलतोय:
धागा तुटला, कांडी संपली, शेठ आला.
घरी मात्र बालव्वाला हाक मारायचो
आणि तिची मालव्वा व्हायची.

सिव्हिलमधली पोरगेलीशी डॉक्टर
ठसा घेताना म्हणाली, मामा, नाकानं श्वास घ्या.
नाक कुठलं, तोंड कुठलं, मी खुणेनं विचारलं.
ती हसली नाही. मग हसली.

चार खेपा. आधी मेणाचं, मग गुलाबी,
वर पोकळ गोळा, कडेला दोन तारा.
घासायची, बोट फिरवायची, पुन्हा घासायची,
चादरीतली गाठ चाचपावी तसं.

म्हणा, पापड.
पापड.
पापड, मी पुन्हा म्हणालो,
कोणी सांगितलं नसताना.

बालव्वा विड्या वळत होती, सूप मांडीवर.
बालव्वा, म्हटलं.
वर न बघता तेलुगूत विचारलं तिनं, कोण ते?
मग पान हातातच राहिलं.

शेंगाचटणी अजून बंद आहे, कण अडकतात.
ती आमटीत भाकरी कुस्करून देते,
मी चिमूटभर चोरतो.

रात्री टाळू काढून वाटीतल्या पाण्यात ठेवतो.
अंधारात हाक मारली
तर मालव्वाच निघते तोंडातून.
तीही ओ देते.