डोळे काढायचे नाहीत

शनिवारी सकाळी दहाला चर्चच्या हॉलमध्ये लढाई.
आज बुधवार.
ओलरेनशॉंच्या स्वयंपाकघरात एकशे चव्वेचाळीस माणसं,
आइस्क्रीमच्या काड्यांवर सहा-सहा चिकटवलेली,
बोटाच्या पेराएवढी,
आणि सगळी काळी.

काळ्यापासून सुरुवात करायची, ते म्हणाले,
जिथं ब्रश पोचत नाही
तिथली सावली आयती मिळते.

बाटल्या पाच:
काळा, विटकरी, चामड्याचा तपकिरी,
हाडासारखा पांढरा आणि पोलाद.
सहावी मागायची नाही.
मार्चपासून त्यांचे हात थरथरतात,
म्हणून मी,
भिंतीपलीकडची भाडेकरू,
पावाच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून आलेली,
नखांत अजून मैदा.

एकालाच पुरा करत बसू नकोस, व्हिब.
आधी सगळ्यांचे कोट. मग सगळ्यांचे पट्टे. मग बंदुका.
हे मला शिकवायला नको.
सरकत्या पट्ट्यावरून पाव येतात तेव्हा
मी कुठल्या पावाचं नाव विचारते?

कुठली लढाई, ते त्यांनी दोनदा सांगितलं.
मी दोनदा विसरले.
विटकरी, विटकरी, विटकरी.
खिडकीतून इल्कस्टनची घरं दिसतात,
तीच वीट, तोच ओला काळा सांधा,
जणू कुणीतरी घाईत
याच बाटलीतून उरकलेली.

चेहऱ्याला एकच ठिपका, तपकिरीत थोडं हाड.
तीन फुटांवरून बघायचं असतं हे सगळं.
त्याच्या आत येईल तो नसता शहाणा.

आणि डोळे?
डोळे काढायचे नाहीत.
काढलेस तर सगळे दचकल्यासारखे दिसतात.

पेणला माझे वडील फक्त डोळे काढायचे.
पितांबर, शेला, सोंड कुणीही रंगवो,
आखणीला त्यांनाच बोलावत.
श्वास धरून बसायचे.
आम्हा पोरींना अंगणात हाकलायचे,
कुणी शिंकलं तर?
हंगाम संपेपर्यंत हजारो डोळे.
घरी आल्यावर ताटातला खडा
त्यांना दिसत नसे.

शुक्रवारी रजा टाकली.
ब्रश जवळजवळ कोरडा करून बंदुकांवर पोलाद फिरवलं,
मग तपकिरी पाणी, सढळ हातानं, डोक्यावरून.
ते खाचांत उतरतं, घड्या शोधतं,
मी न केलेलं काम करून टाकतं.
रात्री अडीचला शेवटची काडी.
तिच्यावर ढोलवाला पोरगा.
ढोलाची कड पांढरी करताना हात निसटला
आणि एक कण उडाला, नेमका डोळ्याच्या जागी.
तो बघायला लागला.
पुसायला हवं होतं.
मी चहा ठेवला.

हॉलमध्ये हिरव्या कापडावर सगळे उभे राहिले,
आणि खरंच, तीन फुटांवरून, फौज.
ओलरेनशॉ काही बोलले नाहीत.
दोनदा चष्मा पुसला.

फासे पडत गेले. माणसं उचलून बुटांच्या खोक्यात.
सँडविच येईपर्यंत डावी बाजू संपली.
खोक्यात आडवी पडलेली,
सगळी एकाच चेहऱ्याची,
कुणी कुणाकडे न बघता.
बरं झालं, मी पुटपुटले.

चारच्या सुमाराला ढोलवाला गेला.
समोरून खेळणाऱ्या टॉपलिसबाईंनी त्याला उचललं,
नाकाशी नेलं.
अगं, हा बघतोय की!

खोक्यात नाही टाकला त्यांनी.
टेबलाच्या कडेला ठेवला,
तोंड मैदानाकडे करून.

साडेपाचला हॉल झाडून द्यायचा होता.